रक्तदाब : शरीराची शिस्त आणि आपली जबाबदारी

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने या व्याख्यानमालेत आरोग्यावर बोलण्याची जबाबदारी आमच्यावर टाकली. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. औषध सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते आम्ही करणार नाही. परंतु शरीर प्रत्येकाला मिळालेले आहे, आणि ते कसे चालते हे समजून घेण्याचा अधिकारही प्रत्येकाचा आहे. ज्ञान ही कोणा एका वर्गाची मिरासदारी नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. त्या अधिकाराने आज रक्तदाबाविषयी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवीत आहोत.

'बीपी' हा शब्द आता आपल्या घराघरांत पोहोचला आहे. कोणी चिडले की आपण म्हणतो, "माझं बीपी वाढवू नकोस." चक्कर आली की म्हणतो, "बीपी लो झालं." शब्द पोहोचला, पण त्याचा अर्थ पोहोचला नाही. रक्तदाब म्हणजे राग, किंवा रक्तदाब म्हणजे डोकेदुखी, असा आपला समज असतो. त्यामुळे डोके दुखले त्या दिवशी गोळी घ्यायची आणि बरे वाटले की सोडून द्यायची, अशी रीत पडून गेली आहे. "मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?" हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले असेल. आजचे सगळे बोलणे या एका वाक्याला उत्तर म्हणून आहे.

प्रथम रक्त फिरते कसे ते पाहू. दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते शरीरभर पसरते आणि तिथेच संपते, असे त्याचे मत होते. जवळजवळ चौदाशे वर्षे युरोपातील विद्वानांनी ते प्रमाण मानले. ग्रंथात लिहिले आहे म्हणजे खरेच असणार! पुढे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टराने साधा हिशेब मांडला. हृदयाच्या एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात ठोके किती पडतात, याचा गुणाकार केला. उत्तर सगळ्या शरीरात मावणाऱ्या रक्तापेक्षा जास्त आले. इतके रक्त दर अर्ध्या तासाला नवे तयार होणे शक्य नाही. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. १६२८ साली त्याने हे पुस्तकरूपाने जगापुढे मांडले. ग्रंथात आहे किंवा परंपरेने चालत आले आहे एवढ्यावरून काही खरे मानू नका, अनुभवाने तपासा, हा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. हार्वेने आपल्या क्षेत्रात तेच केले.

आजच्या आकड्यांनी तो हिशेब आपणही करू. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ ५ लिटर झाले. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तही साधारण ५ लिटरच असते. म्हणजे सगळे रक्त मिनिटाभरात एक फेरी पुरी करते. दिवसाचे झाले सुमारे ७ हजार लिटर. मुठीएवढ्या अवयवाचे हे काम आहे, आणि त्याला ना रविवार ना सणाची सुट्टी.

आता दाब म्हणजे काय? चाळीतले नळ आठवा. वरच्या मजल्यावर पाणी चढायचे तर नळाला दाब लागतो. दाब कमी पडला तर वरची घरे कोरडी राहतात, फार झाला तर जोड गळतात आणि पाइप फुटतात. दाब दोन गोष्टींवर ठरतो : पंप किती पाणी ढकलतो आणि पाइप किती अरुंद आहे. शरीरातही तसेच आहे. हृदय हा पंप. लहान लहान रोहिण्या हे तोट्यांसारखे पाइप. त्या आकसल्या की दाब वाढतो, सैल झाल्या की उतरतो.

हा दाब प्रथम मोजला तो एका धर्मोपदेशकाने. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने एका घोडीच्या रोहिणीत नळी घालून तिला उभी काच-नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. १७३३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. पण माणसाची रोहिणी अशी कापून दाब मोजता येत नाही. १८९६ साली इटलीतील रिवा-रोची यांनी दंडाला बांधायचा हवेचा पट्टा काढला. १९०५ साली कोरोत्कोव या रशियन शल्यविशारदाने पट्ट्याखाली नळी लावून रोहिणीतील आवाज ऐकण्याची पद्धत दाखवली. आज डॉक्टर सांगतात ते दोन आकडे इथून आले. वरचा आकडा हृदय आकुंचन पावते तेव्हाचा, खालचा ते सैल होते तेव्हाचा. १२०/८० च्या आसपास असणे चांगले. निरनिराळ्या दिवशी नीट मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक भरत राहिला, तर आपल्याकडे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

मित्रहो, हा दाब शरीर स्वतः सांभाळते. कसे, ते एका साध्या कृतीतून पाहा. आपण निजलेले असतो आणि उठून उभे राहतो. त्याबरोबर अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पोटात आणि पायांत उतरते. काहीच उपाय झाला नाही तर मेंदूला रक्त कमी पडून प्रत्येक माणूस रोज सकाळी कोसळला असता. तसे होत नाही, कारण शरीराने पहारेकरी नेमलेले आहेत. मानेत दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या आहेत. त्यांच्या भिंतींत, तसेच हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत, ताण ओळखणारे मज्जातंतू आहेत. भिंत कमी ताणली गेली की त्यांचे संदेश कमी होतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला ते लगेच कळते. तिथून हुकूम सुटतात : हृदया, जलद चाल; रोहिण्यांनो, आकसा. दोन-चार क्षणांत दाब पूर्ववत होतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

यात आणखी एक मदतनीस आहे. पायांतील रक्त वर हृदयाकडे चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते शिरांना दाबतात, आणि शिरांतील झडपा रक्त खाली परत येऊ देत नाहीत. म्हणून डॉक्टर पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. पुरुषसूक्तात कोणी मुखातून जन्मला आणि कोणी पायांतून, अशी उतरंड सांगितलेली आहे. पायांतून जन्मलेल्यांना हीन ठरवून त्यांच्यावर काय लादले गेले, ते आपण जाणतो. खऱ्या शरीरात मात्र पाय रक्त चढवतात तेव्हा डोके विचार करते. पायांनी काम थांबवले तर पहिले डोकेच खाली येते.

याचा अनुभव आपल्याला दरवर्षी येतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर माणसे तासन्‌तास रांगेत उभी असतात. ऊन असते, घाम गेलेला असतो, कित्येकांच्या पोटात अन्नपाणी नसते. पाय हलत नाहीत, रक्त खाली साचते आणि एखादी आजी डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळते. अशा वेळी आपण घाईने तिला बसवतो, मान वर धरतो, तोंडात पाणी ओततो. हे सगळे चुकीचे आहे. तिला सपाट निजवावे, पाय फूटभर उचलून धरावेत आणि वारा मोकळा ठेवावा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू नये. बहुतेक वेळा मिनिटाभरात डोळे उघडतात. तसे झाले नाही, छातीत दुखत असले किंवा पडताना डोक्याला मार लागला असला, तर तडक दवाखान्यात न्यावे. आणि रांगेत उभे असताना पोटऱ्या हलवत राहाव्यात, अधूनमधून टाचा उचलाव्यात. विद्यार्थी स्वयंसेवकांनी एवढे ध्यानात ठेवले तरी आजचे व्याख्यान सार्थकी लागले असे आम्ही समजू.

हे झाले क्षणाक्षणाचे काम. दिवसांचा आणि महिन्यांचा हिशेब मूत्रपिंडांकडे आहे. दोन्ही मूत्रपिंडे मिळून पावशेराहून थोडी जास्त भरतात, परंतु हृदय जे रक्त ढकलते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांना मिळतो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर टाकतात. बाकी सगळे परत रक्तात. किती मीठ आणि किती पाणी परत घ्यायचे, यावर रक्ताचे आकारमान ठरते आणि आकारमानावर दाब.

मूत्रपिंडाला दाब कमी वाटला की ते रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. १८९८ साली स्वीडनमध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडातून तो प्रथम ओळखला. रेनिन यकृतातून आलेल्या एका प्रथिनावर काम करते. त्यापासून झालेला पदार्थ मुख्यतः फुप्फुसांतून जाताना अँजिओटेन्सिन बनतो. तो रोहिण्या आकसवतो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींना अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडायला लावतो. त्याने मूत्रपिंड मीठ धरून ठेवते. मिठामागे पाणी थांबते आणि दाब वाढतो. दाब पुरेसा झाला की रेनिन कमी होते. पाहा, यकृत, फुप्फुस, ग्रंथी, मूत्रपिंड, सगळे एका साखळीत आहेत. आत बसून सूत्रे हलवणारा कोणी मालक नाही. एक कारण दुसऱ्याला जन्म देते, आणि कारण दूर झाले की परिणामही ओसरतो. प्रतीत्यसमुत्पाद समजून घेणाऱ्या उपासकाला हे परके वाटणार नाही. मात्र बुद्धांनी रक्तदाबही सांगून ठेवला होता, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. असे दावे इतरांनी आपापल्या ग्रंथांविषयी पुष्कळ केले आहेत. आपण त्या वाटेला जाऊ नये.

१९३४ साली अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी चिमट्याने थोडी आवळली. कुत्र्याचा दाब वाढला आणि वाढलेलाच राहिला. मूत्रपिंड आपल्या परीने बरोबरच वागत होते. मला रक्त कमी मिळते, तेव्हा दाब वाढवा, असे ते सांगत होते. पण त्याची किंमत सगळ्या शरीराने मोजली.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एवढे पहारेकरी असताना दाब वाढून बसतोच कसा? आणि वाढला तर कळत का नाही?

बहुतेक रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही. वाढते वय, घराण्यातला वारसा, मीठ, वजन, बसून राहणे, दारू, अशी अनेक कारणे एकत्र येतात. दाब काही दिवस वरच राहिला की मानेतील पहारेकरी त्यालाच योग्य समजू लागतात. रोज गोंगाटात राहणाऱ्याला गोंगाट ऐकू येईनासा होतो, तसेच हे. मग १६०, १७० दाब असताना पहारेकरी 'सर्व ठीक' असाच संदेश देतात. म्हणून अनेकांना ना डोकेदुखी, ना चक्कर. आत मात्र रोहिण्यांच्या भिंती जाड आणि कडक होत असतात, हृदयावर ओझे पडत असते, मूत्रपिंडांची गाळणी झिजत असते. शरीर गप्प आहे याचा अर्थ ते सुखात आहे असा होत नाही. "मला त्रास नाही" या वाक्याचे उत्तर हे आहे, बंधू-भगिनींनो. त्रास सांगणारा पहारेकरीच त्या दाबाला सरावलेला असतो. म्हणून आकडा मोजावा लागतो.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे उदाहरण घ्या. मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञाने तपासले तेव्हा त्यांचा दाब १८६/१०८ होता. त्यांनी त्याच स्थितीत महायुद्धाचा कारभार चालवला. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचे डोके अचानक असह्य दुखू लागले. तेव्हा दाब ३०० च्या वर गेला होता. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच दुपारी त्यांचे निधन झाले. वय ६३. जगातील सर्वांत बलाढ्य देशाचा प्रमुख, पण त्या काळी दाब उतरवणारे चांगले औषधच उपलब्ध नव्हते. विश्रांती घ्या, मीठ कमी करा, यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

आज काय स्थिती आहे? त्या औषधांच्या इतिहासात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधेची मुळी भारतात पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिची पद्धतशीर चाचणी करून १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगांच्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. पुढे तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. जुनी मुळी होती म्हणून जगाने ती मानली नाही. मोजून दाखवली, तेव्हा मानली. तिच्याने कित्येकांना खोल उदासी येते हेही मोजूनच कळले. म्हणून आज कोणी बाजारातून मुळी आणून परस्पर खाऊ नये.

त्यानंतर अधिक सोयीची औषधे आली. मघाशी सांगितलेल्या साखळीची एकेक कडी ती धरतात. एखादी गोळी अँजिओटेन्सिन तयार होऊ देत नाही, दुसरी रोहिण्या सैल करते, तिसरी जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढते. म्हणूनच शेजारणीला लागू पडलेली गोळी आपण मागून घेऊ नये. तिची कडी वेगळी असेल. आणि गोळी बंद केली की ती कडी पुन्हा जुळते. बरे वाटते ते गोळीमुळे, हे विसरून आपण गोळीच सोडतो. खोकला, पायाला सूज, चक्कर असा काही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यावी. परस्पर थांबवू नये.

आमच्या परिचयातील एक ज्येष्ठ उपासक होते. चळवळीत आयुष्य घातलेले, आवाज खणखणीत. "आता ठणठणीत आहे" म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी एका सकाळी त्यांचे तोंड वाकडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. वारा लागला असे समजून दोन दिवस तेल चोळण्यात गेले. ते वाचले, पण ज्या आवाजाने सभा जिंकल्या तो गेला. मित्रहो, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात न उचलणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी अचानक दिसले तरी १०८ ला फोन करून लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे औषध योग्य रुग्णाला पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अंगारा, उतारा, मालीश यांत तो वेळ घालवू नका.

गोळीइतकीच राहणीही महत्त्वाची. सोण भिक्षूला तथागतांनी वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तरी सूर बिघडतो, फार सैल ठेवली तरी बिघडतो. शरीर दाबाबाबत हाच मध्यम मार्ग पाळण्याचा प्रयत्न करते. आपण त्याच्या वाटेत येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सगळे मिळून जेमतेम एक चहाचा चमचा. आपल्या ताटातले लोणचे, पापड, फरसाण, सुकट, खारे बोंबील यांतच तो चमचा संपून जातो. तंबाखू आणि मशेरी यांतील निकोटीन रोहिण्या आकसवते. पुष्कळ आयाबाया दिवसातून चार वेळा मशेरी लावतात आणि आपल्याला व्यसन नाही असे समजतात. दारूनेही दाब वाढतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलाचे पाचवे शीलही तेच आहे. ते शील रोज तोंडाने म्हणतो, तसे हातानेही पाळू या. रोज अर्धा तास झपाझप चालावे. त्याला पैसा लागत नाही.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. सरकारी दवाखान्यांत रक्तदाब तपासून मिळतो आणि नेहमीच्या गोळ्याही दिल्या जातात. २०१७ साली केंद्र सरकारने उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्यात आरंभीच्या राज्यांत महाराष्ट्रही होता. सोय आहे, आपणच जात नाही. तेव्हा मंडळाने एक चांगले यंत्र घ्यावे आणि दर पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात तीस वर्षांवरील प्रत्येकाचा दाब मोजून वहीत नोंदवावा. हे काम दहावी-बारावीच्या मुलामुलींनी करावे. पद्धत सोपी आहे. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसवावे. दंड हृदयाच्या उंचीवर ठेवावा. मोजताना बोलू नये. दोनदा मोजावे. आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक आला तर घाबरवू नये, पण दवाखान्यात पाठवावे आणि पुढच्या पौर्णिमेला विचारावे, "आजी, गोळी चालू आहे ना?"

धम्म 'एहिपस्सिको' आहे, या आणि स्वतः पाहा असे सांगणारा आहे, हे आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. आपल्या दंडाला पट्टा बांधून तो आकडा पाहणे हीदेखील एक सुरुवात आहे. 

जयभीम! नमो बुद्धाय!